मदत हवी आहे: जीमॅट डेटा सफिशियन्सीत ‘पुरेसं आहे’ हे नक्की कधी म्हणायचं?

जीमॅटची (एमबीए प्रवेशाच्या परीक्षेची) तयारी चालू आहे. क्वांटची, म्हणजे गणिताच्या विभागातली गणितं आता वेळेत सुटतात, गाडी अडते ती डेटा सफिशियन्सीवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं तेव्हा हा प्रकार क्वांटमधून डेटा इनसाइट्स या विभागात गेला. तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं, आणि तेवढ्यातच तक्ते-आलेखही वाचायचे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक प्रश्न असतो, त्याखाली दोन विधानं. उत्तर काढायला त्यातली माहिती पुरेशी आहे का, एवढंच ठरवायचं. पर्याय पाच आणि ते कधीच बदलत नाहीत. फक्त पहिलं विधान पुरेसं असेल तर ए, फक्त दुसरं पुरेसं असेल तर बी, दोन्ही एकत्र घेतल्यावरच पुरत असेल तर सी, दोन्ही स्वतंत्रपणे पुरेशी असतील तर डी, आणि दोन्ही मिळूनही भागत नसेल तर ई.

माझी अडचण अशी. विधान अपुरं आहे हे दाखवायला दोन आकडे बास होतात, एकाने ‘हो’ आलं आणि दुसऱ्याने ‘नाही’ की विषय संपला. पण चार आकडे घातले आणि चारही वेळा ‘हो’च आलं तर काय करायचं? हे बघा:

क हा धन पूर्णांक आहे. क² + क + ११ ही मूळ संख्या आहे का?
(१) क हा १० पेक्षा लहान आहे.
(२) क विषम आहे.

दुसऱ्या विधानासाठी १, ३, ५, ७ घातले की १३, २३, ४१, ६७ येतात. सगळ्या मूळ. ९ घातला तर १०१, तीही मूळ. आणि ११ ला मात्र १४३, म्हणजे ११ × १३. उत्तर ए. पण ११ पर्यंत जायचं हे घड्याळ पळत असताना सुचावं कसं?

दुसरं उदाहरण:

काही खोक्यांत प्रत्येकी १७ बाटल्या आहेत, बाकीच्या खोक्यांत प्रत्येकी १२. १७ बाटल्यांची खोकी किती?
(१) एकूण खोकी १० आहेत.
(२) एकूण बाटल्या १५० आहेत.

दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणून हात सरळ सी कडे जातो. उत्तर बी आहे. असं एकटं समीकरण कधी पुरतं हे ओळखायची काही रीत आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुम्ही प्रश्न अगदी योग्य जागी पकडला आहे. आकडे घालून विधान मोडता येतं, पुरेसं आहे हे सिद्ध करता येत नाही. गणितज्ञ ऑयलरचं क² + क + ४१ घ्या. ० पासून ३९ पर्यंत चाळीसच्या चाळीस वेळा मूळ संख्या येते आणि ४० ला १६८१ येतात, म्हणजे ४१ चा वर्ग. मग चार आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

‘पुरेसं’ म्हणायचे मार्ग दोनच. एक तर शक्यता मोजक्या असाव्यात आणि त्या सगळ्या तपासून व्हाव्यात. तुमचं पहिलं विधान असंच आहे: १ ते ९, नऊच्या नऊ तपासले की झालं. नाहीतर कारण सापडायला हवं. दुसऱ्या विधानात विषम आकड्यांना शेवट नाही, तेव्हा स्वतःला विचारा की क विषम असला म्हणून ही राशी कायम मूळच का राहावी? कारण सुचत नसेल तर संशय धरायचा आणि ती मोडेल असा आकडा मुद्दाम शोधायचा. राशीत ११ समोरच आहे. क ला ११ ने भाग गेला की तिन्ही पदांना ११ ने भाग जातो. म्हणजे आकडे १, ३, ५ असे ओळीने घालत न जाता राशीकडे बघून निवडायचे.

बाटल्यांचंही तेच. १७ बाटल्यांची खोकी अ आणि १२ ची ब धरली तर १७अ + १२ब = १५०. यात १२ आणि १५० दोन्हींना ६ ने भाग जातो, म्हणून अ ला सुद्धा ६ ने भाग जायला हवा. अ शून्य चालत नाही, कारण १५० ला १२ ने भाग जात नाही. अ १२ घेतला तर २०४ होतात. उरला ६, आणि मग ब ४. कॅल्क्युलेटर उघडायचीही गरज नाही.

मात्र ‘पूर्णांक दिसले की बी’ असा नियम कृपा करून करू नका. बाटल्या १५० ऐवजी ३३० आणि खोकी १० ऐवजी २० करून बघा. आता अ ६ असेल तर ब १९, आणि अ १८ असेल तर ब २. दुसरं विधान एकटं पुरत नाही, उत्तर सी होतं. साचा तोच, फक्त आकडे बदलले. तपासणं चुकत नाही.

मूळ धागाकर्ता

खूप आभार, ६ च्या भाजकाचं डोक्यातच आलं नव्हतं. असमानतांमध्ये मात्र पूर्णांकांचा आधार नसतो. उदा. ‘क्ष धन आहे का? (१) क्ष² > क्ष (२) क्ष³ > क्ष.’ इथे कुठले आकडे घ्यायचे?

प्रतिसाद २

इथे चित्र पालटतं ते −१, ० आणि १ या ठिकाणीच. म्हणून संख्यारेषेवर त्यांनी पडणाऱ्या चार पट्ट्यांतून एकेक घ्या: −२, −१/२, १/२, २. ० आणि १ ला दोन्ही विधानांत दोन्ही बाजू सारख्याच होतात, त्यामुळे ते आपोआप बाद; −१ पहिल्यात बसतो, पण दुसऱ्यात बाद होतो. पहिल्या विधानात −२, −१/२ आणि २ बसतात. दुसऱ्यात −१/२ आणि २. दोन्ही एकत्र केली तरी −१/२ आणि २ उरतातच, एक ऋण, एक धन. उत्तर ई. एका पट्टीत सगळीकडे निकाल सारखाच असतो, म्हणून इथे चार आकडे खरोखर पुरतात.

आता प्रश्नात ‘क्ष पूर्णांक आहे’ एवढं घालून बघा. −१ आणि ० च्या मध्ये पूर्णांक नाही, म्हणून दुसऱ्या विधानात फक्त २ आणि त्यापुढचे राहतात. उत्तर बी. त्यामुळे विधानांकडे वळण्याआधी प्रश्नात ‘पूर्णांक’, ‘धन’, ‘भिन्न’ असं काही लिहिलंय का ते वाचून कच्च्या कागदावर टिपून ठेवा.

आणखी एक. खऱ्या पेपरात दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. पहिल्यावरून क्ष ३ आणि दुसऱ्यावरून ५ आला, तर आकडेमोड पुन्हा बघायची. आणि दुसरं विधान वाचताना पहिल्यातल्या माहितीला हात लावायचा नाही. ती नकळत डोक्यात राहते आणि मग सी असलेलं उत्तर बी वाटतं, किंवा ए असलेलं डी. मी दोन्ही विधानांसाठी कागदावर वेगळे रकाने आखायचो, त्याचा उपयोग झाला.