हिरवळ पिवळी पडत आहे: द्रवरूप खत कोणते, किती आणि कसे द्यावे?

अंगणवेल (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. आमच्या घरापुढे 20 बाय 30 फुटांची, म्हणजे साधारण 600 चौरस फुटांची हिरवळ आहे. तीन वर्षांपूर्वी मूळच्या काळ्या जमिनीवर चार बोटे तांबडी माती पसरून तिच्यात मेक्सिकन गवत लावले होते. पहिली दोन वर्षे हिरवळ इतकी दाट होती, की सासरे रोज सकाळी तिच्यावर अनवाणी फेऱ्या मारत असत. गेल्या उन्हाळ्यात नळाचे पाणी बागेला पुरेना, तेव्हापासून आम्ही बोअरचे पाणी देऊ लागलो आणि पावसाळा संपल्यावर हिरवळीचा रंग हळूहळू उतरत गेला. थंडीत गवत मंदावते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मी वाट पाहिली. परंतु आता मार्चचा मध्य आला तरी ती सावरलेली नाही.

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. बादलीभर पाण्यात दोन मुठी युरिया विरघळवून ते पाणी मी भर दुपारी मगाने ओतले. तिसऱ्या दिवशी जिथे जिथे धार पडली होती तिथे तिथे गवत करपून तपकिरी पट्टे उमटले. त्यानंतर एका रोपवाटिकेतून ‘लॉन टॉनिक’ नावाची बाटली आणली. तिच्यावर घटकांचे प्रमाण कुठेही छापलेले नाही आणि दोनदा फवारूनही फरक दिसला नाही.

द्रवरूप खत नेमके किती आणि किती दिवसांनी द्यावे, ते पानांवर फवारावे की मुळांशी ओतावे, आणि 19:19:19 (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी 19 टक्के) सारखी विद्राव्य खते हिरवळीला चालतात का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. हिरवळ उकरून नव्याने लावण्याचा सल्ला एकाने दिला आहे, पण तसे करण्याची माझी इच्छा नाही.

काळीमाती (दिंडोरी तालुका)

ताई, आमचा द्राक्षबागेचा व्यवसाय असल्याने विद्राव्य खते आणि फवारणी हे आमचे रोजचे काम आहे आणि घराभोवती थोडी हिरवळही आम्ही राखलेली आहे. खत कोणते हे ठरवण्याआधी आपण एक गोष्ट पाहावी, असे मला वाटते. सकाळच्या उजेडात खाली बसून गवताची एकच काडी उपटा आणि तिचे कोणते पाते पिवळे आहे ते बघा. खालची, जुनी पाती आधी पिवळी पडत असतील आणि शेंड्याचे पाते हिरवे असेल, तर नत्र कमी पडत आहे, कारण नत्राची टंचाई झाली की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना पुरवते. याउलट शेंड्याचे कोवळे पातेच फिके असेल आणि त्यावर लांबीच्या दिशेने हिरव्या शिरा व त्यांच्यामध्ये पिवळ्या रेघा दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता असते. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहसा सरकत नाही, म्हणून लक्षण नव्या पानावर दिसते. आपण काळी जमीन आणि बोअरचे पाणी असे दोन्ही लिहिले आहे, त्यामुळे माझा संशय लोहावर आहे. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असते, पण सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) वाढलेला असल्यामुळे ते मुळांना मिळत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट ही अडचण आणखी वाढवते. अशा गवतावर कितीही युरिया ओतला तरी रंग येत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. 19:19:19 चालते, मात्र त्यातून किती मिळते याचा हिशेब करून पाहावा. लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात 15 लिटरच्या पंपात 75 ग्रॅम खत बसते आणि त्यात नत्र असते अवघे 14 ग्रॅम. आपली हिरवळ 56 चौरस मीटरची आहे; एका वेळच्या खताला चौरस मीटरमागे 2 ग्रॅम नत्र धरले तरी 112 ग्रॅम लागते. म्हणजे एका फवारणीतून गरजेचा जेमतेम आठवा हिस्सा भागतो, त्याहून अधिक नाही. ही कसर भरून काढण्यासाठी द्रावण कडक केले, तर क्षारांमुळे पाते करपते, आणि आपल्या मगाच्या धारेखाली झाले ते हेच. 2021 मध्ये बाजारात आलेल्या नॅनो युरियाबद्दलही लोक विचारतात. तेव्हाच्या 500 मिलीच्या बाटलीत 4 टक्के नत्र, म्हणजे 20 ग्रॅम होते, तर 45 किलोच्या युरियाच्या गोणीत ते 20 किलोंहून अधिक असते. त्यामुळे पानांवरची फवारणी ही चटकन रंग आणण्यासाठी आणि लोहासारखे थोडेसेच लागणारे अन्नद्रव्य देण्यासाठी करावी, आणि नत्राचे पोट मुळांवाटे भरावे.

मुळांवाटे देताना, वरच्या 112 ग्रॅम नत्रासाठी लागणाऱ्या साधारण 250 ग्रॅम युरियाचे दहा सारखे भाग करावेत. एक भाग, म्हणजे 25 ग्रॅम, 10 लिटरच्या झारीत पूर्ण विरघळवून ती झारी 60 चौरस फुटांवर फिरवावी. हिरवळीवर सुतळीने दहा चौकोन आखून घेतले तर कुठे दोनदा पडत नाही आणि कुठे राहून जात नाही. जमीन कोरडी ठणठणीत नसावी आणि चिखलही नसावा. वाफसा असताना, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर हे करावे आणि लगेच साध्या पाण्याने पाती धुऊन घ्यावीत. मेक्सिकन गवत मुळात सावकाश वाढणारे आहे, त्यामुळे त्याला हा हप्ता वर्षातून चार वेळा पुरतो: फेब्रुवारीअखेर, एप्रिलमध्ये, पावसाने जमीन भिजल्यावर जूनच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरअखेर. हरळीच्या जातींना, उदाहरणार्थ सिलेक्शन वनला, वाढीच्या दिवसांत दर महिन्याला लागते. झड लागलेली असताना नत्र देऊ नये, कारण ते वाहून जाते आणि ओल्या, कोवळ्या गवतावर बुरशी पडते. डिसेंबर-जानेवारीत तर गवत जवळजवळ झोपलेलेच असते.

लोहासाठी फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, लिटरला 5 ग्रॅम घ्यावे. पाण्यात आधी लिटरला 1 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे आणि मगच हिराकस टाकावे. द्रावण फिकट हिरवे राहिले पाहिजे. ते तांबूस होऊ लागले तर त्यातले लोह निकामी होत आहे असे समजावे आणि नवे द्रावण करावे. दव वाळल्यावर सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर फवारावे. कडेच्या फरशीवर थेंब पडले तर लगेच पाणी ओतावे, नाहीतर गंजाचे डाग कायमचे राहतात. आमच्या ओट्यावर ते अजून आहेत.

एक महत्त्वाचे सांगायचे राहिले. बागायतदारांकडे कॅल्शियम नायट्रेट शिल्लक असते आणि ते कोणी प्रेमाने देऊ केले, तर ते फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या कोणत्याही खताबरोबर एका पंपात मिसळू नये. त्याचा साका तळाशी बसतो, नोजल तुंबते आणि खतही वाया जाते.

मखमलाबादकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण दोन गोष्टी खतापूर्वी तपासाव्यात असे सुचवतो. पिवळ्या भागातले गवत मुठीत धरून हलकेच ओढा. ते सतरंजीसारखे अलगद उचलले गेले आणि खाली पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी आहे. ती मुळ्या खाते आणि तिच्यावर कोणतेही खत हे उत्तर नाही. गवत घट्ट असेल तर निश्चिंत राहा.

दुसरे असे की, तीन वर्षांत मेक्सिकन गवताखाली वाळक्या काड्यांचा जाड थर साचतो आणि त्यावर चालून चालून माती दबते. मग झारीने दिलेले खत त्या थरातच अडकते. एक पातळ सळई घेऊन वीतभर अंतरावर चार बोटे खोल भोके पाडावीत. काम कंटाळवाणे आहे, आम्ही रोज संध्याकाळी थोडे थोडे करून आठवड्यात संपवले. पण त्यानंतर पाणी साचून राहणे थांबले. गवत कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये आणि यंत्राचे पाते धारदार असावे. बोथट पात्याने टोके फाटतात, ती पांढरी पडतात आणि लांबून ती खताची कमतरता वाटते.

पाण्याची टंचाई असली तरी घरातल्या आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी हिरवळीला घालू नका. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

शेणामातीची (पंचवटी)

ताई, आपण रासायनिक खतच द्यायचे असे ठरवले नसेल, तर जीवामृताचा विचार जरूर करावा. एकराच्या मापाला 200 लिटर पाण्यात 10 किलो देशी गाईचे शेण, तितकेच गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती घेतात. घरच्यासाठी याचा दहावा भाग करावा. 20 लिटरच्या पिंपात 1 किलो शेण, 1 लिटर गोमूत्र, गूळ व बेसन प्रत्येकी 200 ग्रॅम आणि चिमूटभर माती घालून पिंप सावलीत ठेवावे व सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे. दोन दिवसांत वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो, तेव्हा ते तयार झाले. आठवड्याच्या आत संपवावे. दुहेरी सुती फडक्यातून गाळून, दहापट पाणी मिसळून, झारीने द्यावे. न गाळता पंपात भरल्यास नोजल हमखास तुंबते.

यातून नत्र फारसे मिळत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. युरियाचा हिशेब त्याला लावला तर ते तोकडेच दिसेल. माझा अनुभव जमिनीबद्दलचा आहे: वर्षभर महिन्यातून एकदा जीवामृत आणि पावसाळ्यापूर्वी चाळलेल्या गांडूळखताचा पातळ थर दिल्यावर आमची घट्ट माती भुसभुशीत झाली आणि पाणी जिरू लागले. ज्या दिवशी द्याल त्या दिवशी मात्र मुलांना आणि आपल्या सासऱ्यांना हिरवळीवर जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी पाणी मारल्यावर वासही राहत नाही.

आणि कृपया पंप स्वतःचा वापरा. एका वर्षी आम्ही भाड्याने पंप आणला होता आणि त्यात आधी तणनाशक भरले होते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. पंधरा दिवसांत निम्मी हिरवळ वाळून गेली.

अंगणवेल (इंदिरानगर, नाशिक)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहूनच लिहायचे असे ठरवले होते.

गवत ओढून पाहिले, ते घट्ट होते, हुमणी नाही. काडी उपटून पाहिली तेव्हा शेंड्याचे पाते फिके आणि त्यावर पिवळ्या रेघा, तर खालची पाती बऱ्यापैकी हिरवी होती. सळईने भोके पाडताना चार बोटांखाली काळी माती लागली आणि तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे सापडले. ते बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाकले तर लगेच बुडबुडे आले. चुनखडीच आहे.

तरीही सगळ्या हिरवळीवर एकदम फवारण्याचा धीर झाला नाही. म्हणून कोपऱ्यात एकेक मीटरचे तीन चौकोन आखले: एकात हिराकस आणि लिंबूसत्त्व फवारले, दुसऱ्यात वर दिलेल्या मापाने युरियाचे पाणी घातले आणि तिसरा तसाच ठेवला. चौथ्या दिवशी पहिल्या चौकोनाचा रंग ओट्यावरूनही वेगळा दिसू लागला. युरियाच्या चौकोनात गवत किंचित उंच झाले, पण नवे पाते पिवळेच आले. त्यानंतर पूर्ण हिरवळीवर हिराकस फवारले आणि पाच दिवसांनी युरियाचा एक हप्ता सुतळी आखून दिला. आता हिरवळ पहिल्यासारखी नाही, पण हिरवी म्हणता येईल अशी झाली आहे. करपलेल्या पट्ट्यांतही बाजूने नवे फुटवे येत आहेत.

एक शंका उरली आहे. गवत कापले की हिरवा झालेला भाग निघून जातो आणि खालून पुन्हा फिके पाते येते. दर वेळी फवारत राहणे हाच मार्ग आहे का?

काळीमाती (दिंडोरी तालुका)

तीन चौकोन करून पाहिलेत हे फार उत्तम केले. आम्हीही नवे खत आधी एका ओळीवरच वापरतो. आपली शंका रास्त आहे. फवारलेले लोह त्याच पात्यापुरते असते, म्हणून वाढीच्या दिवसांत साधारण पंधरा दिवसांनी, शक्यतो कापणीनंतर दोन-तीन दिवसांनी, फवारणी पुन्हा करावी लागेल.

जमिनीतून द्यायचे असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत निकामी होऊ नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेले लोह, घ्यावे, पण पुडक्यावर त्या पदार्थाचे नाव ईडीडीएचए लिहिले आहे याची खात्री करावी. ईडीटीए स्वस्त असते आणि फवारणीला चालते, मात्र चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही. ईडीडीएचए महाग पडते, त्यामुळे आधी माती आणि बोअरचे पाणी दोन्ही तपासून घ्यावे. मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येईल. जूनमध्ये पावसाचे पाणी मुरले की बोअरच्या पाण्याचे साचलेले क्षार खाली जातात आणि तेवढ्यानेही गवताला आराम मिळतो. छताचे पाणी एखाद्या टाकीत साठवता आले, तर पावसाळ्यानंतर फवारणीचे द्रावण त्या पाण्यात करावे.