उबंटूत नवीन काहीच इन्स्टॉल होईना, "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड" येतंय

बचतगट_कराड
नमस्कार मंडळी, घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्सची उबंटू २२.०४ सिस्टीम आहे, आमच्या बचत गटाचा सगळा हिशोब त्याच्यावरच लिब्रे ऑफिसमध्ये असतो. परवा अपडेट चालू असताना अवकाळी पाऊस आला, लाईट गेली आणि बॅटरी केव्हाच संपलेली त्यामुळे मशीन तिथल्या तिथे बंद. नंतर चालू झालं, नेट चालतंय, फाईली उघडतायत, पण नवीन काही टाकायला गेलं की अडतं. मला पीडीएफ अरेंजर हवंय, पासबुकाची पानं जोडून सोमवारी बँकेत द्यायचीयत. आधी "कुड नॉट गेट लॉक" यायचं, म्हणून एका व्हिडिओत बघून लॉकची फाईल डिलीट केली, तर आता "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड" येतं. त्या एररमध्येच सांगितलेली कमांड दिली की बऱ्याच ओळी पळतात आणि शेवटी "एरर्स वेअर एन्काउंटर्ड" म्हणून इनिटरॅमएफएस-टूल्सचं नाव येतं. हिशोब जाणार नाही ना? कुणीतरी सांगा प्लीज.

पेनड्राईव्ह_नेहमी_खिशात
ताई एवढा वेळ घालवू नका, पेनड्राईव्हवर २४.०४ घ्या, फॉरमॅट मारा, अर्ध्या तासात नवीन सिस्टीम तयार.

टर्मिनल_काका
ताई, फॉरमॅट अजिबात नको, एवढ्यासाठी तर नाहीच. हिशोबाच्या फाईली तुमच्या होम फोल्डरात असतात, पॅकेज मॅनेजर (प्रोग्रॅम म्हणजे पॅकेजं टाकणारी-काढणारी यंत्रणा, तुमच्या एररमधलं डीपीकेजी त्यातलंच) तिथे हात लावत नाही. तरी मनाला स्वस्थता म्हणून आधी त्या पेनड्राईव्हवर कॉपी करून घ्या आणि मगच पुढचं वाचा.

लॉकचं सांगतो, कारण ही चूक खूप जण करतात. त्या वेळी बहुतेक अनअटेंडेड-अपग्रेड्स मागे चालू असणार, ते सिक्युरिटी अपडेट आपोआप टाकतं आणि तेवढा वेळ कुलूप लावून ठेवतं, म्हणजे दोघांनी एकाच वेळी पॅकेजच्या नोंदी बदलू नयेत. एररमध्येच "हेल्ड बाय प्रोसेस" असं लिहून नंबर दिलेला असतो. अशा वेळी १०-१५ मिनिटं थांबायचं. आत काम चालू असताना कुलूप तोडलं तर नोंदी बिघडू शकतात, म्हणून फाईल डिलीट करायला सांगणारे व्हिडिओ बघून मला खरंच वाईट वाटतं.

आता तुम्ही शेवटची ओळ वाचताय, पण खरं कारण वर कुठेतरी असतं. ती कमांड परत द्या आणि वर सरकत जाऊन पहिली एरर शोधा. शिवाय डीएफ स्पेस डॅश एच द्या, कुठे किती जागा उरलीय ते कळतं, आणि बूटच्या (मशीन चालू होताना लागणाऱ्या फाईलींच्या जागेच्या) ओळीत काय येतं ते इथे टाका. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजीत छोट्या अक्षरांत टाकायच्या.)

बचतगट_कराड
फाईली कॉपी केल्या. वर "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" सापडलं. पण काका, डिस्कवर १८० जीबी रिकामी आहे हो! बूटच्या ओळीत मात्र ४८८ एमबी, वापर १०० टक्के.

टर्मिनल_काका
हेच ते. तुमचं बूट वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा आहे, तिकडच्या १८० जीबीचा त्याला काही उपयोग नाही. अपडेटमधून नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आला की इनिटरॅमएफएस-टूल्स त्याची इनिटआरडी नावाची मोठी फाईल बूटमध्ये बनवतं, एकेक १०० एमबीच्या पुढे जाते. जुने ३ कर्नल आधीच बसलेत, चौथ्याला जागा पुरेना. लाईट गेली नसती तरी हे झालंच असतं.

यूनेम डॅश आर दिलं की आत्ता चालू असलेला कर्नल कळतो, त्याला हात लावायचा नाही. मग एलएस वापरून बूट फोल्डर बघा आणि सगळ्यात जुना नंबर सांगा.

बचतगट_कराड
चालू आहे ४८ वाला. बाकी ४५, ४७ आणि अर्धवट ४९.

टर्मिनल_काका
४५ काढू. एपीटी (नेटवरून पॅकेजं आणून डीपीकेजीकडे देणारी कमांड) सध्या अडलेलं आहे म्हणून सरळ डीपीकेजीनेच काढायचा: सुडो (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) डीपीकेजी, दोन डॅश पर्ज, आणि पुढे त्याच ओळीत ४५ ची दोन पॅकेजं, लिनक्स-इमेज आणि लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा, दोन्हींची पूर्ण नावं. एकटी इमेज काढायला गेलात तर एक्स्ट्रा तिच्यावर अवलंबून आहे म्हणून नकार देईल. "डिरेक्टरी नॉट एम्प्टी" अशी वॉर्निंग आली तर घाबरू नका, ती चालते.

मग सुडो डीपीकेजी, दोन डॅश कॉन्फिगर, एक डॅश ए. ते नीट संपलं की सुडो एपीटी, दोन डॅश फिक्स-ब्रोकन, इन्स्टॉल. सगळ्यात शेवटी सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह दोन डॅश पर्ज, म्हणजे नको असलेली बाकीची जुनी पॅकेजं निघतील. एंटर मारायच्या आधी काय काय काढणार ती यादी वाचा, तिच्यात ४८ किंवा ४९ दिसला तर थांबा आणि इथे विचारा.

रात्रपाळी_पुणे
ताई, इन्स्टॉल करताना एन्क्रिप्शन घेतलं होतं का? तेव्हा बूट वेगळं आणि लहान बनतं, माझंही तसंच आहे. मी इनिटरॅमएफएस डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये कॉम्प्रेस च्या पुढे एक्सझेड लिहिलं, फाईल बनायला जास्त वेळ लागतो पण ती लहान होते. शिवाय महिन्यातून एकदा ऑटोरिमूव्ह चालवतो, त्यानंतर एकदाही बूट भरलेलं नाही.

बचतगट_कराड
झालं!! पहिल्यांदा नाव चुकलं, "जेनेरिक" लिहायचंच राहिलं होतं, दुसऱ्यांदा बरोबर गेलं. कॉन्फिगरला एका ओळीवर बराच वेळ थांबलं, तेवढा वेळ मी चार्जरच्या वायरवर हात ठेवून बसले होते. रीस्टार्ट करून बघितलं, ४९ वर चालू झालं, बूट आता ७० टक्क्यांवर आहे. एन्क्रिप्शन हो, पुतण्याने घेतलं होतं, गटाचे पैशाचे आकडे आहेत म्हणून. पीडीएफ अरेंजर आलं, १४ पानं जोडून पण झाली. काका, मनापासून आभार. बॅटरी या आठवड्यात बदलून घेते, तोवर अपडेट लावणार नाही.