मदत हवी आहे: वडिलांच्या चार गोळ्यांपैकी ठोक्यांची कोणती आणि रक्तदाबाची कोणती?

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. गेली बारा वर्षे ते ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम या दोन गोळ्या घेत असून त्यांवर त्यांचा रक्तदाब व्यवस्थित आटोक्यात होता. दोन महिन्यांपूर्वी एका रात्री त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली आणि ती पहाटेपर्यंत थांबेना. रुग्णालयात नेल्यावर ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांची लय बिघडण्याचा आजार) असल्याचे दिसले. घरी सोडताना जुन्या दोन गोळ्यांच्या जोडीला सकाळी एकदा मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम आणि दिवसातून दोनदा अपिक्साबॅन (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून) अशी भर पडली. ॲमिओडेरोन हे लयीचे औषध द्यायचे की नाही, ते पुढच्या भेटीत ठरवू, असे डॉक्टर म्हणाले.

बाबा अत्यंत शिस्तीचे आहेत. सकाळ-संध्याकाळ यंत्रावर रक्तदाब मोजून वहीत लिहितात, आणि याच शिस्तीतून पुढचा घोटाळा झाला. वहीतले आकडे सलग आठवडाभर ११०/६६, १०८/६८ असे यायला लागल्यावर त्यांनी हिशेब मांडला की दाब इतका खाली आला आहे, तर दाबाच्या तीन-तीन गोळ्या कशाला? मेटोप्रोलॉलच्या माहितीपत्रकात उच्च रक्तदाबाचा उल्लेख असल्यामुळे ती तिसरी दाबाचीच गोळी, असे त्यांनी धरून चालले आणि कोणालाही न सांगता ती बंद केली.

चौथ्या दिवशी धडधड परतली. विशेष म्हणजे यंत्र तेव्हा ११८/७४ दाखवत होते, म्हणजे दाबाची तक्रार करायला जागाच नव्हती. मी मनगटावर बोटे ठेवली, तर दोन-तीन ठोके घाईघाईने येत, मग मध्येच पोकळी, मग एखादा ठोका इतका हलका की तो मोजावा की सोडावा हे कळेना. त्याच दिवशी दवाखान्यात परिचारिकेने छातीवर स्टेथोस्कोप ठेवून आणि मी मनगटावर बोटे ठेवून एकाच मिनिटात मोजले, तेव्हा तिचे १२६ भरले आणि माझे १०४. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करायला लावली, बाबांना दोन शब्द सुनावले आणि आता ते बरे आहेत. मात्र दवाखान्यातल्या गर्दीत माझे प्रश्न मनातच राहिले.

एकच गोळी ठोकेही कमी करते आणि दाबही, हे नेमके कसे घडते, आणि बाबांना ती कशासाठी दिली आहे? ॲम्लोडिपिनला कॅल्शियम रोखणारे औषध म्हणतात. मेटोप्रोलॉल न सोसल्यास डॉक्टर ज्याचा विचार करणार आहेत ते डिल्टियाझेमही कॅल्शियमच रोखते म्हणे. मग बारा वर्षांच्या ॲम्लोडिपिनने ठोके का आवरले नाहीत? ॲमिओडेरोनबद्दल डॉक्टर एवढे जपून का बोलतात? आणि यंत्र पाच मिनिटांत तीन वेगळे आकडे देते, त्यांतला खरा कोणता मानायचा? मात्रा बदलण्याचा सल्ला मला नको आहे, ते काम डॉक्टर करतील. कोणती गोळी शरीरात काय करते एवढे समजले, तर बाबांना पटवून देता येईल, कारण ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ एवढ्यावर ते ऐकणाऱ्यांतले नाहीत.

प्रतिसाद: सांजवारा

मी फिजिशियन आहे. रुग्ण न पाहता उपचार सांगणार नाही, पण औषधांची कामे सांगता येतील.

रक्तदाब दोन गोष्टींवर ठरतो: हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर ढकलते आणि पुढच्या बारीक धमन्या त्याला किती अडवतात. दाबाचे कोणतेही औषध शेवटी यांपैकी कशाला तरी हात घालते. ठोक्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो हृदयातल्या विजेचा आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० इतके विस्कळीत विद्युत्संदेश उसळत असतात. ते सगळे खाली पोहोचले तर माणूस जगणार नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाची देवडी आहे, ती त्यांतले थोडेच आत सोडते. मेटोप्रोलॉल ही देवडी आणखी कडक करते. हृदयावरच्या ज्या बीटा ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर, ॲड्रिनलीन येऊन बसते, तेथे ते आधीच जागा अडवून बसते, त्यामुळे संदेश खाली उतरायला वेळ लागतो. वरचा गोंधळ मात्र तसाच चालू राहतो, हे वडिलांना आवर्जून सांगा. ही गोळी लय दुरुस्त करत नाही, वेग आवरते.

त्याच ग्राहकांमुळे हृदयाचा जोरही ठरतो, आणि मूत्रपिंडातून रेनिन (दाब वाढवायला लावणारे द्रव्य) सुटणेही काही अंशी त्यांच्याच हातात असते. म्हणून जोर कमी झाला, रेनिन घटले, की दाबही उतरतो. वडिलांच्या बाबतीत दाब उतरणे हा जोडीचा परिणाम आहे, मूळ नेमणूक देवडीवरची आहे. माहितीपत्रकात औषधाचे सगळे उपयोग छापलेले असतात. तुमच्या रुग्णाला ते कशासाठी दिले, हे त्यात कधीच नसते. याच वर्गातले प्रोप्रानोलॉल शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा मूळ हेतू दाब उतरवण्याचा नव्हता, छातीत कळ येणाऱ्या रुग्णांच्या हृदयावरचा ताण हलका करण्याचा होता.

एकदम बंद केल्यावर त्रास उसळण्यालाही कारण आहे. ग्राहक दीर्घकाळ अडवले गेले की पेशी त्यांची संख्या आणि संवेदनशीलता वाढवून भरपाई करू पाहतात. अशा वेळी गोळी अचानक काढली की शरीरातले नेहमीचेच ॲड्रिनलीन जास्त जोराने लागू पडते. हे औषध थांबवायचे असेल तर डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने उतरवतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा आजार असलेल्या रुग्णात ही घाई झटक्यापर्यंत नेऊ शकते.

तुमचा कॅल्शियमचा प्रश्न मला विशेष आवडला, कारण नावाच्या सारखेपणाने वैद्यकीचे विद्यार्थीही फसतात. कॅल्शियम आत येण्याची दारे धमन्यांच्या स्नायूंतही असतात आणि एव्ही नोडमध्येही. ॲम्लोडिपिन प्रामुख्याने धमन्यांतल्या दारांना चिकटते, कारण तिथल्या पेशींची विद्युत्स्थिती त्याला सोयीची असते. धमन्या सैल पडतात, अडथळा घटतो, दाब उतरतो, नाडीला मात्र धक्काही लागत नाही. डिल्टियाझेम आणि वेरापामिल नोडवर ठळकपणे काम करतात, म्हणून ती ठोक्यांसाठी वापरता येतात. आणि म्हणूनच मेटोप्रोलॉल चालू असताना त्यांतले एखादे आपल्या मनाने कधीही जोडू नये: दोन पहारेकऱ्यांनी मिळून देवडी पूर्णच बंद केली तर नाडी तीस-पस्तिशीवर येऊन माणूस कोसळू शकतो.

वडिलांचे घोटे संध्याकाळी सुजतात का? तुम्ही लिहिले नाही, पण ॲम्लोडिपिनवर असलेल्यांना मी नेहमी विचारतो. धमन्या सैल पडतात, पण पुढच्या शिरा तितक्या सैल पडत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो. अंगात पाणी जास्त झाल्याची ही सूज नसते, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी हटत नाही. टेल्मिसार्टन जोडीला असले तर थोडी कमी राहते. टेल्मिसार्टन स्वतः अँजिओटेन्सिनचा, म्हणजे धमन्या आवळणाऱ्या संप्रेरकाचा, ग्राहक अडवते, ठोक्यांशी त्याचा थेट संबंध नाही. त्याच्यामुळे रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, म्हणून मधूनमधून ते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) तपासतात.

प्रतिसाद: कोरडी विहीर

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत असे. ॲमिओडेरोनबद्दल लिहितो.

ठोक्यांच्या औषधांची चार वर्गांतली विभागणी वॉन विल्यम्स यांनी १९७० च्या सुमारास मांडली: सोडियम रोखणारी, बीटा रोखणारी, पोटॅशियम रोखणारी आणि कॅल्शियम रोखणारी. ॲमिओडेरोन तिसऱ्या वर्गात मोडते, पण प्रत्यक्षात चारही प्रकारची कामे करते. पेशी एकदा उत्तेजित झाली की पुन्हा सज्ज व्हायला तिला लागणारा वेळ ते लांबवते, त्यामुळे वरच्या कप्प्यांत फिरणारी विजेची वर्तुळे तुटतात. म्हणजे हे वेगाचे नाही, लयीचे औषध आहे. त्याच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो आणि ते शरीरातल्या चरबीत साठते. बंद केल्यावरही ते आठवडे, महिने अंगात राहते. थायरॉईड, फुप्फुसे आणि यकृत यांना त्याच्यापासून अपाय होऊ शकतो, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरही तपासण्या कराव्या लागतात. डॉक्टर जपून बोलत असतील, तर ते योग्यच आहे.

लयीच्या औषधांबाबतची ही सावधगिरी अनुभवातून आलेली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये मधले जास्तीचे ठोके दाबले तर माणसे वाचतील, असे एकेकाळी सर्वांनाच वाटत होते. कास्ट नावाच्या चाचणीत फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या लयीच्या औषधांनी ते ठोके खरोखरच दाबले, ईसीजी सुधारला, आणि १९८९ मध्ये समोर आले की ही औषधे घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले होते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये लय पूर्ववत करावी की फक्त वेग आवरावा, याची तुलना करणाऱ्या २००२ मधल्या अफर्म चाचणीत आयुर्मानात लयीच्या बाजूने फायदा दिसला नाही. पुढे २०२० मध्ये ईस्ट चाचणीने दाखवले की निदान नवे असताना लयीचे उपचार लवकर सुरू केले तर काही रुग्णांना लाभ होतो. तुमच्या वडिलांचे निदान दोनच महिन्यांपूर्वीचे आहे, तेव्हा पुढच्या भेटीत हा प्रश्न थेट विचारा.

अपिक्साबॅनविषयी तुम्ही काही विचारले नाही. माझ्या मते चारांपैकी बंद होण्याचा धोका सर्वांत जास्त तिलाच आहे, कारण ती ना दाबात दिसते ना नाडीत, घेतली काय नि चुकवली काय, रुग्णाला काहीच जाणवत नाही. वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. ती गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी असते. तिचा परिणाम बारा-चौदा तासांत ओसरू लागतो, म्हणूनच ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते.

आणखी एक. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घरात असेल तर ते बाजूला काढा. ही वेदनाशामके दाब वाढवतात, टेल्मिसार्टनबरोबर मूत्रपिंडावर भार टाकतात आणि अपिक्साबॅनबरोबर रक्तस्रावाची भीती वाढवतात. सर्दीसाठीचे स्यूडोएफेड्रिन असलेले मिश्रणही या रुग्णांना नको.

प्रतिसाद: सांजवारा

यंत्राचे राहिलेच. पट्ट्यातल्या हवेत उमटणाऱ्या लाटांवरून ते दाबाचा अंदाज बांधते, आणि लाटा सारख्या असतील असे गृहीत धरते. अनियमित ठोक्यांत प्रत्येक वेळी हृदय कमीजास्त भरते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याचा दाब खरोखरच वेगळा असतो. तीन आकडे वेगळे आले तर यंत्र बिघडले असे नव्हे. एकेका मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा आणि सरासरी लिहा. तुमच्या १०४ आणि परिचारिकेच्या १२६ मधला फरकही यातलाच आहे: जे ठोके हृदय पुरेसे भरण्याआधीच पडतात, ते मनगटापर्यंत पोहोचत नाहीत. नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये.

बसून मोजल्यावर उभे राहून तिसऱ्या मिनिटालाही मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर डॉक्टरांना कळवा. विश्रांतीतली नाडी सतत पन्नासच्या खाली किंवा ११० च्या वर राहत असेल, तरीही कळवा. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, धाप लागणे, चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काहीही झाले तर इथे लिहीत न बसता तातडीने रुग्णालय गाठा.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. घोटे सुजतात, गेले वर्षभर. आम्ही ते वयावर ढकलत होतो.

दोन्ही प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवले. देवडीची उपमा त्यांना पटली, पण लगेच त्यांचा पुढचा प्रश्न आला: ‘म्हणजे दाब कमी झाला म्हणून गोळी काढायचीच होती, तर मी चुकीची निवडली.’ कालच्या भेटीत हेच वाक्य त्यांनी डॉक्टरांना ऐकवले. डॉक्टर हसले, त्यांनी वही पाहिली, उभे राहून मोजलेला ९६ चा आकडा पाहिला, बोटाने घोटा दाबून पाहिला आणि मेटोप्रोलॉलला हात न लावता ॲम्लोडिपिन ५ वरून २.५ वर आणले. ॲमिओडेरोनचा निर्णय एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉईडच्या तपासण्या आल्यावर होईल. वहीत आता नाडीसाठी वेगळा रकाना आखला आहे, आणि दोन्ही वेळच्या अपिक्साबॅनपुढे बाबा स्वतः बरोबरची खूण करतात.