ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) रवा-नारळ केक मधोमध खचतो

प्रश्न (रत्नागिरी): व्हिडिओत ३५० डिग्री सांगतात, माझ्या ओटीजीवर २५०च्या पुढे आकडाच नाही. २५०वर ठेवला तर केक फुगतो, पण बाहेर काढला की मधे बसतो. काय चुकतंय?

– ताई, ते ३५० फॅरनहाइट. आपल्याकडे सेल्सियस असतं, म्हणजे १७५-१८०. २५०वर वरून करपतो, आत कच्चा राहतो, म्हणून खचतो. ओटीजी १५ मिनिटं आधी तापवा, पहिली २५ मिनिटं दार उघडू नका.

– बेकिंग पावडरही बघा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, त्यात पावसाळ्यात, ती लवकर मरते. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका. लगेच फसफसली नाही तर सरळ फेकून द्या.

– रवा २० मिनिटं दह्यात भिजू द्या, पावडर त्यानंतरच. आधी घातली तर जोर वाटीतच संपतो.