‘वि. भावे’ म्हणजे नेमके कोणते भावे?

वाशीची वाचक

नमस्कार. आमच्या वाशीतील सोसायटीत सभासदांनी दिलेल्या पुस्तकांचे एक लहानसे वाचनालय आहे. येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, तेथे एकाच आडनावाच्या नामवंतांचे आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणांचे भित्तिपत्रक लावायचे ठरले आहे. विष्णुदास भावे नाट्यगृह आमच्या नेहमीच्या वाटेवर असल्यामुळे पहिले आडनाव ‘भावे’ निवडले.

त्यासाठी नोंदवही काढली, तेव्हा ‘गीताई’ आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ या दोन्ही पुस्तकांपुढे लेखक म्हणून निळ्या शाईत ‘वि. भावे’ एवढेच लिहिलेले दिसले. वही पाहणाऱ्या पाचवीतल्या एका मुलीने लगेच विचारले, की ज्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे त्यांनीच ही पुस्तके लिहिली का? मी ‘नाही’ म्हणाले खरे, पण पुढचे नीट सांगता आले नाही, आणि ते मनाला लागून राहिले. हे सारे भावे एकाच घराण्यातले आहेत का, त्यांना वेगवेगळे कसे ओळखावे, आणि ठाणे-नवी मुंबईशी ज्यांचा संबंध आहे असे आणखी कोण भावे आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना ठाणेकर

ताई, तुमच्या वहीत दोन नव्हे तर तीन ‘वि.’ एकमेकांत मिसळण्याचा धोका आहे. नाट्यगृहाचे ते विष्णु अमृत भावे, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे आणि ‘गीताई’ लिहिणारे विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा. पहिले १९०१मध्ये वारले, दुसरे १९२६मध्ये आणि तिसरे १९८२मध्ये. नुसती ही तीन साले शेजारी मांडली तरी मुलीच्या शंकेचे निम्मे निरसन होते.

यांपैकी मधले भावे आम्हा ठाणेकरांचे, आणि दुर्दैवाने तिघांत सर्वांत कमी ओळखले जाणारे. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले, त्याच्या संस्थापकांत ते अग्रभागी होते आणि त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी जतन व्हावे, ही कल्पना त्या वयात सुचणे आणि ती तडीस नेणे ही साधी गोष्ट नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले ते त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८मध्ये. आम्ही लहानपणी पुस्तक बदलायला ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात जात असू, तेव्हा काउंटरवर पावती फाडून मिळेपर्यंत भिंतीवरच्या तसबिरी पाहत उभे राहायचो. त्यांतील माणसे कोण आहेत, हे मात्र आम्हांला कोणी सांगितले नाही.

‘महाराष्ट्र सारस्वत’ हा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास आहे. १९१९च्या विस्तारलेल्या आवृत्तीत त्यांनी महानुभावांच्या वाङ्मयाचीही दखल घेतली. महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत राखल्या होत्या, त्यामुळे सामान्य वाचकाला त्या वाङ्मयाचा पत्ताच नव्हता. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी या ग्रंथाला मोठी पुरवणी जोडली. तुमची प्रत जाडजूड असेल तर बहुधा पुरवणीसहचीच असेल, एकदा मुखपृष्ठाच्या आतले पान पाहावे.

सांगलीहून ऐरोलीत

मी मूळची सांगलीची, त्यामुळे विष्णुदासांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. उत्तर कन्नडमधल्या कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून तसे खेळ मराठीत व्हावेत असे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना वाटले, आणि ते काम त्यांनी विष्णुदासांवर सोपवले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले. आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतो, त्यामागे हा प्रयोग आहे.

मुलांना सांगण्यासारखी गोष्ट अशी, की त्या खेळांत आजच्यासारखी बांधीव संहिता नसे. सूत्रधार मागे उभा राहून पदे म्हणे आणि त्या पदांच्या आधाराने नट आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. राक्षस आरोळ्या ठोकीत, तलवारी फिरवीत रंगभूमीवर येत, आणि लोक त्या गोंधळाचीच वाट पाहत असत. १८५१मध्ये आप्पासाहेब वारले, दरबारचा आश्रय सुटला, आणि विष्णुदासांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३मध्ये त्यांचे खेळ मुंबईतही झाले. आश्रय गेला म्हणून ते घरी बसले असते, तर नाटक तिकीट लावून सर्वांसाठी खुले होण्याला आणखी किती काळ लागला असता, याचा मी नेहमी विचार करते.

सांगलीतही त्यांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे आणि विष्णुदास भावे गौरवपदकही तेथेच दिले जाते. म्हणून भित्तिपत्रकावर नुसते ‘भावे नाट्यगृह’ न लिहिता ‘विष्णुदास भावे नाट्यगृह, वाशी’ असे पूर्ण लिहावे, ही विनंती. बोलताना आपण सगळेच ‘भावे’वर प्रयोग आहे असे म्हणतो, पण कागदावर तरी नाव अर्धवट राहू नये.

पनवेलकर

तिसरे ‘वि.’ तुम्हांला वाटते त्याहून जवळचे आहेत. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. पनवेलहून सकाळी निघाले तर गागोदे पाहून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. मी मुलांना घेऊन गेलो होतो. भारतभर पायी हिंडून जमीन मागणारा माणूस या डोंगराकडेच्या लहान गावातला, हे जागेवर पाहिल्यावर त्यांना जितके समजले, तितके पाठ्यपुस्तकातून समजले नव्हते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि तेथून भूदान सुरू झाले.

‘विनोबा’ हे आश्रमात पडलेले नाव, मूळ नाव विनायकच. तुमच्या वहीतला घोळ त्यामुळेच झाला असावा. ठिकाणांमध्ये मुंबईत कुर्ल्याचे विनोबा भावे नगर आणि झारखंडमध्ये हजारीबागचे विनोबा भावे विद्यापीठ घेता येईल.

घराण्याच्या प्रश्नाबाबत एवढेच सांगतो, की ज्याचे कुलवृत्तांतातील पान आपण स्वतः पाहिलेले नाही, ते नाते भित्तिपत्रकावर लिहू नये. कोकणातून देशावर, बडोद्याला, विदर्भात पांगलेल्या घरांची आडनावे सारखी राहिली, पण गाव आणि शाखा वेगळ्या झाल्या. ‘भावे घराणे’ असा मथळा दिला, तर वाचणारा या सर्वांना काका-पुतणे समजेल.

डोंबिवलीची शिक्षिका

ठाणे जिल्ह्याचा विषय निघाला म्हणून आमचे पु. भा. भावे सुचवते. कथाकार आणि जहाल पत्रकार असलेले हे भावे डोंबिवलीत राहत होते, आणि १९७७च्या पुणे येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

स्त्रियांना मात्र विसरू नका. नाट्यसमीक्षक आणि सामाजिक कार्यकर्त्या पुष्पा भावे २०२०मध्ये गेल्या आणि चित्रपट दिग्दर्शक सुमित्रा भावे २०२१मध्ये. सुमित्राबाई माहेरच्या उमराणी. तेव्हा आडनावावरून घराणे जोडायचे म्हटले, तर लग्नानंतर बदललेल्या आडनावाचे काय करणार? आजच्या मुलांना ओळखीचे म्हणाल तर सुबोध भावे आहेतच. ठाण्यात ज्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, त्या डॉ. काशिनाथ घाणेकरांची भूमिका त्यांनी २०१८मध्ये पडद्यावर केली आहे.

वाशीची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी नोंदवहीतील दोन्ही ओळी दुरुस्त केल्या. जुने अक्षर खोडले नाही, बाजूला कंसात पूर्ण नाव आणि जन्म-मृत्यूची साले लिहिली. ठाणेकर काका, आमची प्रत पुरवणीसहचीच निघाली, पुठ्ठा सुटला आहे, तो बांधायला दिला आहे.

मथळ्यातून ‘घराणे’ हा शब्द काढून ‘भावे आडनावाची माणसे’ एवढाच ठेवला. तीन ‘वि.’ मध्यभागी एकाखाली एक येतील आणि पुष्पाबाई, सुमित्राबाई, पु. भा. व सुबोध भावे कडेला असतील. विनायक लक्ष्मण भाव्यांचे छायाचित्र तेवढे मिळालेले नाही. त्यासाठी शनिवारी ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात जाणार आहे आणि त्या पाचवीतल्या मुलीलाही बरोबर नेणार आहे.