प्रतिसाद: बालपण हरवलं, पण कुणाचं?

'आमच्या वेळी मुलं मोकळी खेळायची, आता बालपणच उरलं नाही' हे वर दोघा-तिघांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. बालपण कुठे संपतं ही रेघ समाजच ओढतो आणि सरकवतो. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करेन, असं त्यांनी 1887 मध्ये, नवऱ्याकडे जा असा कोर्टाचा निकाल आल्यावर, सांगितलं. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून फक्त बारावर नेली, तरी केवढा गदारोळ झाला! टिळकही विरोधात होते.

आणि आज? बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आई-बाप उसाच्या फडात, तर दहा वर्षांची पोरगी कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर) धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. मजुरीच्या हिशेबात ती कुठेच नसते. याला आपण 'घरात मदत' म्हणतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदाही शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करायला मुभा देतो. इथे तर शाळाच मागे गावात राहिलेली! मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत; ती मुकादमाच्या (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या) गाड्या निघण्याआधी सुरू व्हायला हवीत, नंतर नव्हे.