थिनर आणि पेंट एकाच कंटेनरमध्ये: लेबल आणि कागदपत्रं कशी करायची?

अंबडकर: नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून केनियातल्या मोंबासाला २० फुटी कंटेनर जायचाय, न्हावा शेवामार्गे. टोल्युइन बेसचं थिनर २० लिटरच्या ड्रममध्ये आणि एमटीओवाल्या (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) इनॅमल पेंटचे ४ लिटरचे डबे, एका खोक्यात चार. दोन्हीचा यूएन नंबर (घातक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) १२६३, म्हणून सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) म्हणतो डीजी डिक्लेरेशनवर (घातक मालाच्या घोषणापत्रावर) एकच ओळ टाका. चालेल का? आणि ड्रमला लेबल कुठे, केवढं?

सातपूर_लॅब: एका ओळीत नाही बसणार, भाऊ. नंबर एकच, पण इनॅमल जातं 'पेंट' या नावाने आणि थिनर 'पेंट रिलेटेड मटीरियल' या नावाने. पॅकिंग ग्रुपही (धोक्याची पातळी) वेगळे. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) ४ अंशांच्या आसपास, म्हणजे २३ च्या खाली: ग्रुप दोन. एमटीओ इनॅमल बहुतेक २३ ते ६० मध्ये बसतं: ग्रुप तीन. बहुतेक अशासाठी की लवकर सुकावं म्हणून कुणी त्यात टोल्युइन ढकललं, तर आकडा सरळ खाली येतो. त्यामुळे त्याच फॉर्म्युल्याची क्लोज्ड कप टेस्ट (बंद कपातली फ्लॅश पॉइंटची चाचणी) करून घ्या, आणि एसडीएसच्या (मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) ९ व्या भागात तोच आकडा येऊ द्या. नेटवरून उचललेल्या एसडीएसवर भलताच फ्लॅश पॉइंट असतो आणि शिपिंग लाइनची डीजी डेस्क नेमकं तेच पकडते.

ओळीचा क्रम: यूएन नंबर, नाव, क्लास ३ (ज्वलनशील द्रव), ग्रुप, कंसात फ्लॅश पॉइंट. पुढे नगांची संख्या, प्रकार आणि वजन.

ड्रमवाला: लेबलाआधी ड्रमवरचा उठावाचा यूएन मार्क (ड्रम टेस्ट झाल्याची खूण) वाचा. १ए१/वाय१.४/१५० असं काही असेल. १ए१ म्हणजे झाकण न निघणारा स्टीलचा ड्रम. वाय ग्रुप दोन आणि तीनला चालतो. झेड (फक्त ग्रुप तीनला) असेल तर तुमचं थिनर त्यात भरताच येत नाही. १.४ ही सापेक्ष घनता, १५० हा टेस्टचा दाब किलोपास्कलमध्ये. दाबाच्या जागी 'एस' दिसला तर तो ड्रम घन मालाचा. बाजारात स्वस्तात मिळतात ते बरेचदा हेच.

काठोकाठ भरू नका. ५५ अंशांनाही वर मोकळी जागा उरली पाहिजे. टोल्युइन २५ वरून ५५ अंशांवर गेलं की साधारण ३ टक्के फुगतं.

क्लास ३ चं लेबल १०० बाय १०० मिमी, ड्रमच्या अंगावर, शेजारी नाव आणि यूएन नंबर. झाकणावर लावलेलं लेबल वरचा थर चढला की झाकलं जातं. साधा कागद घेऊ नका: समुद्राच्या पाण्यात तीन महिने टिकेल असं लेबल लागतं, आणि साधी इंकजेट शाई थिनरच्या एका ओघळाने पुसली जाते. विनाइलवर रेझिन रिबनने छापा.

अंबडकर: इनॅमलच्या खोक्यांनाही यूएन मार्क लागेल?

सातपूर_लॅब: लिमिटेड क्वांटिटीत (छोट्या डब्यांतल्या मालाला मिळणारी सवलत) घेतलंत तर नाही. आतला डबा ५ लिटरपर्यंत आणि खोकं एकूण ३० किलोपर्यंत, हे तुमचं बसतंय. मग क्लास ३ ऐवजी वर-खाली काळी टोकं असलेला, पत्त्यातल्या चौकटसारखा पांढरा मार्क, आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना उभे बाण. डिक्लेरेशन मात्र सुटत नाही, त्यावर लिमिटेड क्वांटिटी लिहावंच लागतं.

कसारा_रोडलाइन: थिनरमुळे कंटेनरच्या चारही बाजूंना २५० मिमीचे क्लास ३ प्लॅकार्ड (मोठी लेबलं) लागतील. कंटेनर पॅकिंग सर्टिफिकेटवर लोडिंग बघणाऱ्याची सही हवी, ऑफिसात बसलेल्याची नको.

ड्रायव्हरच्या लायसन्सवर घातक मालाची नोंद आहे का ते गाडी लावण्याआधीच बघा. ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड) त्याला वाचता येईल अशा भाषेत, आणि केबिनमध्ये. फाइलसोबत मागे बांधून ठेवलेलं कामाचं नाही. ड्रमच्या थरांमध्ये प्लायवूड टाका आणि शेवटची रांग दाराशी पट्ट्यांनी आवळा. कसारा घाटात ब्रेक लागले की सगळा माल पुढे येतो, आणि मोकळी रांग दार उघडताना अंगावर पडते.